आवक आणि उठाव

बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानदाराला धंदा कसा काय म्हणून विचारलं, तर माल किती आलाय हे तो सांगत नाही. उठाव कसा आहे ते सांगतो. गणपतीच्या आधल्या आठवड्यात रविवार पेठेत ट्रकमागून ट्रक रिकामे होतात, पांगुळ गल्लीत हातगाड्या एकमेकींत अडकतात, खानापूर-चंदगडची माणसं आणि गोव्याची गिऱ्हाइकं पाय ठेवायला जागा शोधत असतात, तरी दुकानात माल तुंबत नाही. आषाढात आवक निम्मी असते आणि गठ्ठे मात्र छताला भिडलेले. गोदामातल्या थप्पीची उंची बघून बाजाराची तब्येत ओळखायला जाणारा नवखा हमखास फसतो. थप्पी वाढली ती माल जास्त आला म्हणून, की उचलणारं कोणी नव्हतं म्हणून, हे थप्पीवर लिहिलेलं नसतं.

धावणाऱ्याच्या रक्तातलं लॅक्टेट मोजताना शरीरशास्त्राची पाऊण शतक हीच फसगत होत राहिली. मोजमापात खोट नव्हती. कानाच्या पाळीतून किंवा बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब काढायचा, पट्टीला टेकवायचा. मधुमेही माणसाच्या घरात असतं तसलंच छोटं यंत्र काही सेकंदांत आकडा दाखवतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचा आकडा लिटरमागे १ मिलिमोलच्या आसपास असतो. रमतगमत पळताना तो २ पर्यंत जातो. ४ च्या पुढे गेला की बोलणं तुटायला लागतं, आणि जिवाच्या आकांताने ४०० मीटर पळून आलेल्या गड्याच्या रक्तात तो २० च्याही पुढे गेलेला सापडतो. आकडा खरा असतो, पण तो शिल्लकेचा असतो. स्नायूंनी तयार किती केलं आणि बाकीच्या देहाने उचललं किती, यांची वजाबाकी होऊन जे उरलं तेवढंच त्याला ठाऊक. गादीवर दिवसभर बसून राहिलेल्या माणसाच्या अंगातही चोवीस तासांत शंभर ग्रॅमहून जास्त लॅक्टेट तयार होतं आणि खर्ची पडतं. रक्तात मात्र कधीही बघा, चिमूटभरच.

हे येतं कुठून? ग्लुकोजचा सहा कार्बनांचा रेणू पेशीत दुभंगतो, त्याचे तीन-तीन कार्बनांचे दोन पायरुवेट होतात. ही फोड अखंड चालू राहायची तर एनएडी नावाचा एक वाहक पुनःपुन्हा मोकळा व्हावा लागतो, आणि पायरुवेटचं लॅक्टेट झालं की तो मोकळा होतो. म्हणजे लॅक्टेट होणं हा काही बिघाड नव्हे. ते झालं नाही तर जोरात पळणारा स्नायू बघता बघता थबकेल. प्राणवायू मुबलक असतानाही ते होतच असतं. लाल रक्तपेशीला तर दुसरी वाटच नाही, कारण प्राणवायू वापरून इंधन जाळणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया तिच्यात नसतात. साऱ्या अंगाला प्राणवायू पोचवणारी ही पेशी स्वतः त्यातला कणही न वापरता जगते आणि आयुष्यभर लॅक्टेट बाहेर टाकत राहते. सृष्टीत असले विनोद पुष्कळ आहेत, पण याला तोड नाही.

स्वीडनच्या कार्ल शेलेला १७८० मध्ये आंबलेल्या दुधात लॅक्टेटचं आम्लरूप, लॅक्टिक आम्ल, सापडलं. पुढे बर्झेलियसला ते स्नायूंच्या रसात मिळालं. शिकाऱ्यांनी पळवून पळवून मारलेल्या हरणाच्या मांसात ते जास्त असतं, असं त्याच्या नावावर सांगितलं जातं. पण खरी गाठ बसली ती १९०७ मध्ये. केंब्रिजला फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोघांनी बेडकाचे पाय कापून घेतले, त्यांना विजेचे झटके दिले आणि आतलं आम्ल मोजलं. प्राणवायू नसेल तर आम्ल साचत जातं आणि स्नायू हात टेकतो. प्राणवायूत ठेवला की आम्ल नाहीसं होतं. प्रयोग इतका नेटका होता की त्याची मोहिनी उतरायला दोन पिढ्या लागल्या. निष्कर्ष सरळ वाटला: प्राणवायू कमी पडला की लॅक्टिक आम्ल होतं, आणि त्या आम्लाने स्नायू थकतो.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नाही, किंवा येऊनही तिचं महत्त्व कळलं नाही. तो पाय बेडकाला जोडलेला नव्हता. त्याच्यामागे काळीज नव्हतं, यकृत नव्हतं, वाहतं रक्त नव्हतं, शेजारी दुसरा स्नायू नव्हता. लॅक्टेटचं जेवढं म्हणून गिऱ्हाईक शरीरात असतं तेवढं सगळं प्रयोगाआधीच कात्रीने दूर केलेलं होतं. मग ते साचेल नाही तर काय होईल? एकटा स्नायू टेबलावर ठेवून बघितला तर लॅक्टेट कचरा दिसतं. अख्खा जीव बघितला तर ते माल दिसतं. माझ्या मते या विषयातला सगळा इतिहास या दोन वाक्यांत मावतो. बाकी तपशील आहे, आणि तपशीलही मोठा रंगतदार आहे.

१९२२ चं वैद्यकाचं नोबेल आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना याच शोधकुळीतल्या कामासाठी मिळालं. हिल स्वतः पळणारा माणूस. पाठीला पिशवी बांधून, सोडलेली हवा तिच्यात गोळा करत तो मैदानाच्या फेऱ्या मारायचा, आणि त्यातूनच 'प्राणवायूचं कर्ज' ही कल्पना त्याने मांडली: धावताना जे आम्ल साचलं ते धाव संपल्यावर धापा टाकत फेडायचं. मायरहॉफला साचलेल्या लॅक्टेटचं पुन्हा ग्लायकोजन होताना दिसलं होतं, म्हणजे ते नुसतं फेकून दिलं जात नाही हे त्याच्या वह्यांत होतं. १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्डने तर विष घालून लॅक्टिक आम्ल तयारच होऊ न देता स्नायू आकुंचन पावतो आणि थकतोही, हे दाखवून दिलं. तरी मैदानावर, तालमीत, शाळेच्या पीटीच्या तासाला पोचलं ते एकच वाक्य: आम्ल साचतं म्हणून पाय जड होतात.

ही मंडळी प्रयोगशाळेत बेडकाचे पाय मोजत होती, त्याच सुमारास बेळगावचा एक पोरगा पळत होता.

दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तिथल्या मैदानी शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळतात आणि त्यांची वेळ परदेशी धावपटूंच्या वेळेच्या जवळपास जाते, हे त्यांनी पाहिलं. कसला सराव नाही, कसले नियम ठाऊक नाहीत. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा संघ पाठवायचं ठरलं, टाटांनी पदरमोड केली, आणि त्या छोट्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिम्पिकच्या इतिहासातलं सगळ्यांत लांब. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले.

या आकड्याला भागाकार करून बघितला की तो बोलायला लागतो. दर किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी. आज बेळगावात रविवारी सकाळी टी-शर्ट घालून पळणाऱ्यांत अनेकांना या वेगाने एक किलोमीटर निघेल, पाच निघतील असे थोडे, बेचाळीस निघतील असे हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. आणि ज्यांना निघतील त्यांच्या रक्ताचा थेंब शेवटच्या टप्प्यात घेतला, तर आकडा दोन-तीनच्या आसपास घुटमळताना दिसेल. कारण मॅरेथॉन ही लॅक्टेट साचवून पळण्याची शर्यतच नव्हे. तो आकडा जिथून उसळी घेतो त्या उंबरठ्याच्या खाली, पण शक्य तितकं त्याला लागून, अडीच-तीन तास राहण्याची ती शर्यत आहे. उंबरठा ज्याचा वरच्या वेगावर, तो पुढे. चौगुल्यांच्या मांड्यांत दर मिनिटाला लॅक्टेट तयार होत होतं, आणि जवळजवळ तेवढंच दर मिनिटाला जळत होतं. विज्ञान ज्याला विष ठरवत होतं तेच ते अँटवर्पच्या रस्त्यावर इंधन म्हणून वापरत होते, आणि याची खबर हिलला नव्हती, टाटांना नव्हती, त्यांना स्वतःला तर नव्हतीच.

खबर लागायला १९८३ साल उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला केसी डोनोव्हन आणि जॉर्ज ब्रुक्स यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एकाला फिरत्या पट्ट्यावर पळायचा नियमित सराव दिला, दुसऱ्याला दिला नाही. मग किरणोत्सारी खूण केलेलं लॅक्टेट त्यांच्या रक्तात सोडलं. युक्ती अशी की, खुणेचं लॅक्टेट किती लवकर विरळ होतं आणि किती लवकर नाहीसं होतं हे पाहिलं की आवक आणि उठाव वेगवेगळे मोजता येतात. थप्पीच्या उंचीवरून अंदाज बांधत बसावं लागत नाही. अपेक्षा सगळ्यांची एकच होती: सराव झालेला उंदीर लॅक्टेट कमी तयार करत असणार, म्हणून तर त्याच्या रक्तात ते कमी सापडतं. निघालं भलतंच. पळताना दोन्ही गट जवळपास सारखंच लॅक्टेट तयार करत होते. सराव झालेले उंदीर ते उचलत जास्त होते. सरावाने उत्पादन घटत नव्हतं, निचरा वाढत होता.

सुरुवातीला ब्रुक्सचं म्हणणं सहजी पचनी पडलं नाही, आणि पडावं तरी कसं? पाठ्यपुस्तकं बदलायची म्हणजे परीक्षांचे पेपर बदलायचे. पण पुढच्या काही वर्षांत त्याने मांडलेलं 'लॅक्टेट शटल'चं चित्र हळूहळू भरत गेलं. मांडीच्या एकाच स्नायूत दोन जातींचे तंतू शेजारी शेजारी असतात. पांढुरके, झटपट आकुंचन पावणारे तंतू ग्लुकोज धडाधड फोडतात आणि लॅक्टेट बाहेर देतात. तांबूस, संथ, दमदार तंतू मायटोकॉन्ड्रियांनी भरलेले. ते तेच लॅक्टेट आत ओढून जाळतात. यातलं बरंचसं रक्तात उतरतच नाही. मागच्या दाराने शेजारच्याकडे गेलेला माल रस्त्यावर दिसत नाही तसं. जे रक्तात येतं त्याला काळीज घेतं, आणि आवडीने घेतं. जोराच्या श्रमात काळजाचं ते एक मुख्य इंधन असतं. मेंदूही घेतो. उरलेलं यकृताकडे जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं. हा यकृताचा फेरा कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने १९२९ मध्येच सांगितला होता, आणि १९४७ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं. श्रमाच्या वेळी साधारण तीन चतुर्थांश लॅक्टेट जळून जातं आणि बाकीचं या फेऱ्यात शिरतं, असा आता हिशेब आहे.

लॅक्टेट पेशीच्या आवरणातून आपोआप झिरपत नाही. त्याला ने-आण करणारी प्रथिनं लागतात. १९९४ मध्ये त्यांतल्या पहिल्याची रचना उलगडली. त्यांना एमसीटी म्हणतात आणि पुढे क्रमांक लावतात. एमसीटी-४ पांढऱ्या तंतूंवर जास्त, बाहेर देणारं. एमसीटी-१ तांबड्या तंतूंवर आणि काळजावर जास्त, आत घेणारं. दमसासाच्या सरावाने एमसीटी-१ वाढतं.

ते वाढून भागत नाही, आत घेतलेलं जाळायला भट्ट्या हव्यात. सेंट लुइसच्या जॉन होलॉझीने १९६७ मध्ये उंदरांना महिनोन्महिने पळवून दाखवलं की त्यांच्या पायांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियातल्या विकरांची क्षमता सुमारे दुप्पट झाली. तोवर सराव म्हणजे काळीज आणि फुप्फुसं तगडी करणं एवढंच मानलं जाई. सराव स्नायूच्या पेशीच्या आतलं यंत्रच वाढवतो, हे होलॉझीमुळे पटलं. शिवाय तंतूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, म्हणजे लॅक्टेटला चालावं लागणारं अंतर कमी होतं. आणि तेच काम सरावलेल्या माणसाला हलकं पडत असल्याने त्याच्या यकृताचं रक्त तितकं आटत नाही, म्हणून तिथलं ग्लुकोज करण्याचं कामही मंदावत नाही. एखादी गोष्ट सुधारली आणि सगळं झालं, असं यात कुठेच नाही.

इथे थोडं थांबून उंदीर आणि माणूस यांत फरक करायला हवा. माणसांवर झालेल्या पुढच्या अभ्यासांत चित्र जरा गुंतागुंतीचं निघालं. सरावाआधी आणि सरावानंतर माणसाला अगदी तोच भार दिला, तर लॅक्टेटचं उत्पादनही काही अंशी घटलेलं दिसतं, कारण तो आता चरबी जास्त जाळतो आणि ग्लुकोजला कमी हात लावतो. पण भार त्याच्या वाढलेल्या ताकदीच्या प्रमाणात वाढवला, म्हणजे 'तेवढाच दम लागेल' असा ठेवला, तर सरावलेला माणूस पूर्वीइतकंच किंवा पूर्वीहून जास्त लॅक्टेट तयार करतो आणि तरी रक्तात साचू देत नाही. डोनोव्हन-ब्रुक्सचं म्हणणं उंदरांपुरतं ठळक होतं, माणसांत त्याच्या कडा जरा पुसट होतात. गाभा हलला नाही.

आता या सगळ्याचा बेळगाव-निपाणीकडच्या माणसाशी काय संबंध, असं कोणी विचारील. तर पहाटे कुठल्याही मोठ्या मैदानावर जाऊन बघावं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र शंभर वर्षं ज्या गावात आहे, त्या गावाच्या चारी दिशांची पोरं अजून भरतीसाठी पळतात. कोण खानापूरचा, कोण चंदगडचा, कोण निपाणीच्या तंबाखूच्या शिवारातला. परीक्षा असते १६०० मीटरची, आणि साडेपाच मिनिटांच्या आत आलं की पूर्ण ६० गुण. म्हणजे ४०० मीटरची फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत, अशा चार. किलोमीटरला हा वेग ३ मिनिटे २६ सेकंदांचा पडतो. अँटवर्पला सोनं जिंकणाऱ्या कोलेमाइनेनच्या सरासरी वेगाहूनही जास्त. फरक इतकाच की त्याने तो पावणेत्रेचाळीस किलोमीटर धरला होता.

या अंतराची खोडी अशी की ते ना धड लहान, ना धड लांब. पहिल्या फेरीत रक्त तापलेलं असतं, शेजारचा पुढे गेलेला असतो, पोरगा सत्तर-बहात्तर सेकंदांत फेरी काढतो. प्राणवायूवर चालणारी यंत्रणा पुरती जागी व्हायला मिनिटभर लागतं. तोवरचा सगळा बोजा झटपट तंतूंवर. तिसऱ्या फेरीला खांदे वर चढतात, हात आखडतात, तोंड वाकडं होतं. चौथी फेरी पळणं कमी, स्वतःला ओढत नेणं जास्त. रेषा ओलांडली की गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात, एखाद्याला कोरड्या ओकाऱ्या येतात, आणि कडेला उभा असलेला निवृत्त सुभेदार ओरडत असतो, "बसू नको की रे! चालत ऱ्हा! बसलास तर पाय धरतील, चल, अर्धी फेरी मार!"

सुभेदारांनी ब्रुक्स वाचलेला नसतो. पण त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. लॅक्टेटचा आकडा दहाच्या वर चढलेला असताना धपकन बसलं, तर तो निम्म्यावर यायला साधारण वीस-पंचवीस मिनिटं जातात. हळूहळू चालत, दुडक्या चालीने पळत राहिलं, तर लवकर उतरतो, कारण तांबडे तंतू कामावर राहतात आणि कामावरचा तंतूच इंधन मागतो. लॅक्टेटला हाकलून द्यायचं नसतं. ते खाणाऱ्याला भूक लागेल एवढी व्यवस्था करायची असते. 'पाय धरतील' हे मात्र लॅक्टेटच्या माथी मारू नये. ते दुसरं प्रकरण आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी सुभेदारांशी एक वाद घालावासा वाटतो. बहुतेक ठिकाणी पोरांना रोज १६०० मीटर घड्याळ लावून पळवतात. रोज परीक्षा. यात आवक रोज वाढते, उठावाची सोय वाढायला मात्र निवांत वेळ मिळत नाही. तुटक, जोराच्या फेऱ्यांनीही मायटोकॉन्ड्रिया आणि एमसीटी वाढतात, आणि शर्यतीच्या वेगाची सवय लागायला त्या हव्यातच. पण त्या रोज झेपत नाहीत, नडगीची हाडं दुखायला लागतात, पोरगं ऐन भरतीच्या तोंडावर लंगडतं. जगातले दमसासाचे अव्वल खेळाडू कसा सराव करतात हे तपासलं तेव्हा सुमारे ८० टक्के सराव इतका सावकाश निघाला की पळता पळता गप्पा मारता याव्यात. आपल्याकडे सावकाश पळणाऱ्याला कामचोर समजतात. पहाटे जांबोटी रस्त्याने तासभर बोलत बोलत जाऊन येणाऱ्या चार पोरांना कोणी सराव म्हणणार नाही, आणि त्यांच्या मांड्यांत मात्र नेमकं तेव्हाच ते यंत्र उभं राहत असतं. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे. एवढ्या उंचीने रक्त काही दाट होत नाही, पण हवा तासभर पळायला मायाळू आहे, आणि याचा फायदा न घेणं हा करंटेपणा.

आता पाय धरण्याबद्दल. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघून परतणाऱ्या जाणत्यांच्या तोंडी, किंवा तालमीत नव्याने आलेल्या पोराला हजार बैठका मारायला लावून दुसऱ्या दिवशी त्याची फजिती बघणाऱ्या वस्तादाच्या तोंडी, आजकाल 'लॅक्टिक ॲसिड' हा शब्द सर्रास येतो. पोराला जिना उतरवत नाही, कठड्याला धरून एकेक पायरी तिरका उतरतो. तर म्हणे आम्ल साचलंय, मालिश कर, निघून जाईल. पण धाव किंवा बैठका थांबल्यापासून तासाभरात लॅक्टेट मूळपदावर आलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जे ठणकतं ते न सरावलेल्या तंतूंना पडलेल्या बारीक चिरा आणि त्यांभोवतीची सूज. विशेषतः खाली बसताना, उतार उतरताना, म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागतो तेव्हाची. एक ते तीन दिवस हे दुखणं चढतं आणि उतरतं. मालिशने बरं वाटतं, खूपच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खोटं नव्हे. तेल लावून चोळणाऱ्या हाताखाली जायला लॅक्टेट मात्र तिथे शिल्लक नसतं.

मग ऐन पळताना जे पेटतं ते काय? इथे शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, आणि वाद असलेला बरा. आम्लता वाढते हे खरं. पण आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन बरेचसे एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च होताना सुटतात, आणि पायरुवेटचं लॅक्टेट होताना उलट एक आयन वापरला जातो, असं म्हणणारा पक्ष भक्कम आहे. फॉस्फेट साचतं, पोटॅशियम पेशीबाहेर येतं, मज्जातंतू मेंदूला तक्रारी पाठवतात. लॅक्टेट त्या गर्दीत हजर असतं एवढं खरं. जागेवर सापडला म्हणून पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखी त्याची गत झाली. शंभर वर्षांनी सुटका झाली तरी गल्लीत नाव खराब ते खराबच.

इस्पितळातही हा आकडा फिरतो आणि तिथे तो हलक्यात घ्यायचा नसतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रोग्याचं लॅक्टेट वाढलेलं असलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. तिथेही कळून आलंय की पहिल्या आकड्यापेक्षा पुढच्या काही तासांत तो किती उतरतो यावर जास्त काही अवलंबून असतं. सहा तासांत उतार पडला तर रोगी वाचण्याची आशा जास्त. या उताराला ते बिनदिक्कत 'क्लिअरन्स' म्हणतात. वास्तविक तो उतार उचल वाढल्यामुळे आहे की उत्पादन घटल्यामुळे, हे नुसत्या दोन आकड्यांवरून त्यांनाही सांगता येत नाही. त्यासाठी खुणेचं लॅक्टेट सोडावं लागेल, आणि रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागात ते कोण करत बसणार? केंब्रिजच्या बेडकापासून आपण पुष्कळ पुढे आलो आहोत, पण अगदी सगळी वाट संपलेली नाही.

उरला खडेबाजारातला गादीवरचा माणूस. त्याचा भरतीशी संबंध नाही, आखाड्याशी तर नाहीच. पन्नाशी, पोट सुटलेलं, साखर वाढलेली. अशा माणसाला सायकलीच्या यंत्रावर बसवून भार हळूहळू वाढवत नेला, तर व्यायाम करणाऱ्या माणसाचा आकडा जिथे हललेलाही नसतो तिथेच याचा चढायला लागतो. चरबी जाळण्याची त्याची ताकद तुटपुंजी, म्हणून तो आधीच ग्लुकोजवर येतो. आणि तयार झालेलं लॅक्टेट घ्यायला भट्ट्या कमी. गोदामाच्या दोन जिन्यांना तो धापा टाकतो ते निव्वळ वजनामुळे नव्हे. २०१८ मध्ये ब्रुक्स आणि सान मियान यांनी हीच तुलना मांडली: एका टोकाला व्यावसायिक सायकलपटू, दुसऱ्या टोकाला चयापचय बिघडलेली माणसं, आणि दोघांच्या लॅक्टेटच्या रेघा एकमेकींपासून लांब.

या माणसाला कोणी १६०० मीटर पळायला लावू नये. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत सकाळी झाडांखालून चालणारे जे आहेत, त्यांच्यात तो मिसळला तरी काम सुरू होतं, फक्त चाल अशी हवी की वाक्य पूर्ण बोलता येईल आणि गाणं मात्र म्हणता येऊ नये. सहा-आठ आठवड्यांत स्नायूंत फरक पडायला लागतो. सोडलं तर तितक्याच आठवड्यांत तो ओसरायलाही लागतो, कारण मायटोकॉन्ड्रियातली विकरं काही साठवणीचा माल नव्हे. आठवडाभरात त्यांतली निम्मी झिजतात आणि मागणी नसेल तर पुन्हा भरली जात नाहीत. दिवाळीच्या गर्दीत महिनाभर दुकानातून हलता न आलेल्या माणसाने नंतर पुन्हा सुरुवात करताना ऑक्टोबरातला वेग धरू नये, थोडा खालून धरावा.